बूथिया द्वीपकल्प: भूगोल आणि नावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या नकाशात कॅनडाच्या डोक्यावर बेटांचा जो पसारा दिसतो, त्यात मुख्य भूमीतून थेट उत्तरेला शिरलेलं एक बोट आहे. ते बूथिया द्वीपकल्प. मराठीत त्याच्याविषयी फारसं काही वाचायला मिळत नाही आणि जे मिळतं ते एका चुंबकीय ध्रुवाच्या उल्लेखापाशी संपतं. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत.

बूथिया नेमकं कुठं आहे?

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात, त्यातल्या किटिकमेओत विभागात. पूर्वेला बूथियाचं आखात, पश्चिमेला फ्रँकलिन आणि जेम्स रॉस या सामुद्रधुन्या, उत्तरेला अरुंद बेलो सामुद्रधुनी आणि तिच्या पलीकडं सॉमरसेट बेट. दक्षिणेला एका चिंचोळ्या संयोगभूमीनं ते खंडाला जोडलेलं आहे. या संयोगभूमीवरही तळ्यांची रांगच आहे, त्यामुळे नकाशा बारकाईनं पाहिल्याशिवाय हे बेट आहे की द्वीपकल्प हे चटकन कळत नाही. पुढच्या बऱ्याच गोंधळाचं मूळ इथंच आहे.

आकार केवढा? तिथं माणसं राहतात का?

क्षेत्रफळ सुमारे 32,300 चौरस किलोमीटर. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा आपला अख्खा कोकण विभाग याहून किंचित लहानच आहे. आता या कोकणाएवढ्या भूमीवर गाव फक्त एक आहे अशी कल्पना करा. त्या गावाचं नाव तालोयोआक, वस्ती हजाराच्या आसपास. बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. माणसं विमानानं येतात-जातात आणि जड सामान उन्हाळ्यात, बर्फ फुटल्यावर, जहाजानं येतं.

जमिनीच्या मधोमध अतिप्राचीन, कठीण खडकाचा उंचवटा आहे आणि त्याच्या बाजूंना चुनखडीचा सखल भाग. झाड एकही नाही. शेवाळ, दगडफूल, गवत आणि जमिनीला चिकटून वाढणारी खुरटी विलो, एवढीच हिरवाई.

उत्तर अमेरिकेचं सर्वांत उत्तरेकडचं टोक अलास्कात नाही का?

नाही. अलास्कातलं पॉइंट बॅरो साधारण 71 अंश 23 मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे. बूथियाच्या उत्तर टोकाला मर्चिसन प्रॉमॉन्टरी म्हणतात आणि तिथला झेनिथ पॉइंट जवळजवळ 72 अंशांवर येतो. खंडाच्या मुख्य भूमीचं शेवटचं टोक ते. बेटं धरली तर अर्थात एल्समिअर आणखी कितीतरी वर जातं.

तुलनेसाठी, आशिया-युरोपच्या मुख्य भूमीचं उत्तर टोक, रशियातलं चेल्युस्किन भूशिर, 77 अंशांच्याही पुढं आहे. म्हणजे बूथिया त्यामानानं बरंच दक्षिणेला. पण थंडी आणि बर्फाच्या बाबतीत ते जराही सौम्य नाही, कारण इथल्या अरुंद समुद्रात कोणताही उबदार प्रवाह पोचत नाही.

बेलो सामुद्रधुनी इतकी अरुंद आहे, तर ती मोजायची कशाला?

कारण तिच्यामुळेच बूथिया हे खंडाचं टोक ठरतं. ती नसती तर सॉमरसेट बेट मुख्य भूमीचाच भाग झालं असतं. लांबी साधारण 25 किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी एक-दोन किलोमीटरच. दोन्ही तोंडांना भरती-ओहोटीची वेळ आणि उंची वेगळी, त्यामुळे आतला प्रवाह आठ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी साधारण पंधरा किलोमीटरपर्यंत जातो आणि बर्फाचे तुकडे घेऊन तो दोन्ही दिशांना धावतो. कोकणातल्या खाडीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी ओढताना ज्यांनी होडी हाकली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यात बर्फाची भर घाला, म्हणजे झालं.

ब्रिटिश दर्यावर्दी जॉन रॉस 1829 मध्ये हिच्या पूर्वेकडच्या तोंडावरून गेला, तेव्हा इथून आरपार वाट आहे हे त्याला कळलंच नाही. 1852 मध्ये विल्यम केनेडी आणि फ्रेंच नौदलातला तरुण अधिकारी जोसेफ रेने बेलो स्लेजवरून, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवरून, इथं पोचले तेव्हा ती नकाशावर आली. बेलो पुढच्याच वर्षी वेलिंग्टन चॅनेलमध्ये बर्फाच्या भेगेत पडून मरण पावला. इथल्या परक्या नावांपैकी हे एक नाव मला मनापासून पटतं. तो ज्या जागेपर्यंत स्वतः पोचला होता, त्या जागेला ते दिलं आहे.

मग ‘बूथिया’ हे नाव कुणावरून?

लंडनच्या एका जिन गाळणाऱ्यावरून. त्याचं नाव फेलिक्स बूथ, आणि तो कधीही आर्क्टिकला गेला नाही.

त्याची हकिगत अशी. 1818 मध्ये जॉन रॉस लँकेस्टर साउंडमध्ये शिरला आणि समोर डोंगररांग दिसते म्हणून मागं फिरला. तो डोंगर नव्हताच, दृष्टिभ्रम होता. पुढच्याच वर्षी दुसरे लोक त्या ‘डोंगरातून’ जहाज घेऊन गेले आणि रॉसची पत गेली. ती परत मिळवायला त्याला आणखी एक मोहीम हवी होती, पण सरकार पैसे देईना. तो मित्राकडं, बूथकडं, गेला. त्या काळी वायव्य मार्ग, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडून अटलांटिकमधून पॅसिफिकला जाणारी समुद्रवाट, शोधणाऱ्याला इंग्लंडच्या संसदेनं 20,000 पौंडांचं बक्षीस लावलेलं होतं. बक्षिसावर डोळा ठेवून पैसे घातले असं लोक म्हणतील, म्हणून बूथनं आधी नकार दिला. 1828 मध्ये ते बक्षीस रद्द झालं आणि मग त्यानं खिशातून सतरा-अठरा हजार पौंड काढले.

रॉसनं ‘व्हिक्टरी’ हे वाफेवर चालणारं जहाज घेतलं आणि 1829 मध्ये तो निघाला. जी भूमी सापडली तिला त्यानं ‘बूथिया फेलिक्स’ म्हटलं, म्हणजे आश्रयदात्याचं अख्खं नावच उलटं करून ठेवलं. शेजारचं आखातही बूथियाचंच झालं. पहिल्या हिवाळी मुक्कामाचं बंदर फेलिक्स हार्बर, दुसऱ्याचं शेरिफ हार्बर, कारण बूथ लंडनचा शेरिफ राहिला होता. बेलो सामुद्रधुनीच्या तोंडाशी ब्रेंटफर्ड बे आहे आणि लंडनजवळच्या ब्रेंटफर्डला बूथची भट्टी होती. 1835 मध्ये बूथला सरदारकीही मिळाली.

‘फेलिक्स’ला काही अर्थ आहे का?

आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सुखी, भाग्यवान, सुफल. रोमन लोक आजच्या येमेनच्या बाजूला ‘अरेबिया फेलिक्स’ म्हणत, सुपीक अरबस्थान या अर्थानं. शिकलेल्या इंग्रज वाचकाला हा शब्दखेळ लगेच कळत असे. पुढं ‘फेलिक्स’ गळून पडलं आणि नुसतं बूथिया उरलं.

रॉसच्या मोहिमेचं पुढं काय झालं? तिथल्या लोकांशी त्याची गाठ पडली का?

पडली, म्हणूनच तो जिवंत परतला असं माझं मत आहे. जहाजाचं वाफेचं यंत्र इतकं निकामी निघालं की पहिल्याच मोसमात ते काढून किनाऱ्यावर उतरवलं. नंतर बर्फानं जहाजाला सोडलंच नाही. तीन हिवाळे तिथं काढून 1832 च्या मे महिन्यात त्यांनी ‘व्हिक्टरी’ सोडून दिलं आणि पायी सॉमरसेट बेटावरच्या फ्युरी बीचला गेले. 1825 मध्ये फुटलेल्या ‘फ्युरी’ जहाजाचा अन्नसाठा तिथं पडून होता. चौथा हिवाळा त्यावर निघाला. 1833 च्या ऑगस्टमध्ये ‘इझाबेला’ नावाच्या व्हेल पकडणाऱ्या जहाजानं त्यांना उचललं. 1818 मध्ये रॉस ज्या जहाजाचा कप्तान होता, तेच हे जहाज.

आता तिथल्या लोकांविषयी. 1830 च्या जानेवारीत नेत्सिलिक इनुइट मंडळी, म्हणजे इथले मूळ रहिवासी, जहाजाजवळ आली. त्यांच्यात तुल्लुआहिउ नावाचा एक माणूस होता. अस्वलामुळं त्याचा एक पाय गेला होता आणि त्याला स्लेजवरून ओढत आणलं होतं. जहाजाच्या सुतारानं त्याचं माप घेऊन लाकडी पाय बनवला आणि त्यावर जहाजाचं नाव कोरलं. जिथं झाड उगवत नाही तिथं एक माणूस लाकडाच्या पायावर उभा राहून घरी चालत गेला.

बदल्यात रॉसला मिळालं ते त्याहून मोलाचं होतं. इक्मालिक आणि आपेलाग्लिउ यांनी त्याच्या केबिनमध्ये बसून कागदावर किनारा काढून दाखवला आणि दक्षिणेला जमीन जोडलेली आहे, तिकडून जहाज जाणार नाही, हे स्पष्ट केलं. रॉसनं तो प्रसंग चित्रात उतरवून आपल्या ग्रंथात छापला. टेबलावर पसरलेला कागद आणि त्यावर वाकलेले दोन नकाशाकार. या द्वीपकल्पाचा कागदावरचा इतिहास सांगताना मी सुरुवात याच चित्रापासून करतो.

या भूमीला तिथल्या लोकांचं स्वतःचं नाव नाही का?

हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा, पण सहसा तो शेवटी विचारला जातो.

बूथियाच्या परिसराला तालोयोआकचे लोक आविकतूक म्हणतात. गावातल्या शिकाऱ्यांच्या संघटनेनं याच नावानं एक संरक्षित क्षेत्र मागितलं आहे, ज्याची राखण इनुइट लोक स्वतः करतील. खाणकाम आलं तर कॅरिबूंच्या, म्हणजे इथल्या हरणांच्या, वाटा आणि त्यांची पिल्लं जन्माला येण्याच्या जागा धोक्यात येतील, ही त्यामागची काळजी.

गावाचं नाव आधी स्पेन्स बे होतं. 1 जुलै 1992 रोजी ते अधिकृतपणे तालोयोआक झालं. अर्थ साधारण असा: कॅरिबूंच्या शिकारीचा मोठा आडोसा. कॅरिबू जिथून जातात त्या वाटेवर दगड रचून आडोसा करायचा आणि त्यामागं दबा धरून बसायचं, ही जुनी पद्धत. म्हणजे नुसतं नाव ऐकलं तरी इथून कॅरिबू जातात, इथं माणसं कशी शिकार करत आणि इथं दगड रचलेले आहेत, एवढं कळतं. ‘स्पेन्स बे’वरून यातलं काहीही कळत नाही.

नेत्सिलिक हे नावही असंच आहे. नेत्सिक म्हणजे सील. संयोगभूमीवरच्या एका तळ्याला सीलांची जागा म्हणून नेत्सिलिक म्हणत आणि तिथल्या माणसांना नेत्सिलिंगमिउत. ‘मिउत’ म्हणजे त्या जागेचे रहिवासी. आपल्याकडं गावाला ‘कर’ लावून आडनावं होतात, त्याच जातीचा हा प्रत्यय.

चुकीच्या नावानं खरोखर कुणाचं नुकसान झालं का?

माझ्या मते झालं, आणि याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण बूथियाच्या पश्चिमेला लागूनच आहे.

1830 मध्ये जॉन रॉसचा पुतण्या जेम्स क्लार्क रॉस बूथियावरून गोठलेला समुद्र ओलांडून पलीकडच्या सपाट भूमीवर गेला. बर्फाखाली जमीन कुठं संपते आणि समुद्र कुठं सुरू होतो हे त्याला ओळखता आलं नाही. त्या भूमीला नाव मिळालं ‘किंग विल्यम लँड’. बेट नव्हे, भूमी. नकाशावर ती बूथियाला जोडलेली दाखवली गेली आणि मधल्या पाण्याच्या जागी ‘पोक्टेस बे’ नावाचा बंद उपसागर काढला गेला.

इनुइट भाषेत याच जागेचं नाव किकिकताक आहे. त्याचा अर्थ बेट.

1845 मध्ये ब्रिटिश नौदलातला जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही जहाजं घेऊन वायव्य मार्ग शोधायला निघाला. त्याच्या नकाशात पूर्वेची वाट बंद होती, म्हणून त्याला पश्चिमेकडून जाणंच भाग होतं. तिथं उत्तरेकडून सरकत येणारा जाड बर्फ साचतो. 1846 च्या सप्टेंबरात दोन्ही जहाजं त्यात अडकली. 1847 च्या जूनमध्ये फ्रँकलिन वारला. 1848 च्या एप्रिलमध्ये उरलेल्या 105 जणांनी जहाजं सोडली. एकूण 129 माणसांपैकी एकही परतला नाही.

1854 मध्ये जॉन रे हा संशोधक बूथियाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचला. मध्ये पाणी आहे हे त्यानं पाहिलं आणि तो ‘लँड’ बेट असल्याचं सिद्ध झालं. ती आज रे सामुद्रधुनी. फ्रँकलिनच्या माणसांचं काय झालं याची पहिली पक्की बातमीही त्यानं त्याच प्रवासात आणली, आणि तीही इनुइटांकडून ऐकून. 1903 मध्ये नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन याच पूर्वेकडच्या वाटेनं लहानसं ‘योआ’ जहाज घेऊन गेला आणि वायव्य मार्ग पार करणारा पहिला ठरला.

न्यायानं बोलायचं तर एक गोष्ट सांगायला हवी. रे सामुद्रधुनी उथळ आहे आणि फ्रँकलिनची जहाजं अवजड होती. वाट माहीत असती तरी ती सुखरूप निघाली असती असं छातीठोकपणे कुणी म्हणू शकत नाही. पण निदान दुसरी वाट आहे एवढं तरी त्यांना कळलं असतं. बुडालेलं ‘एरेबस’ 2014 मध्ये आणि ‘टेरर’ 2016 मध्ये सापडलं. त्या शोधातही इनुइटांनी पिढ्यानपिढ्या जपलेल्या आठवणी उपयोगी पडल्या.

चुंबकीय उत्तर ध्रुव बूथियावर आहे, हे खरं का?

1831 मध्ये होता, आज नाही. जुन्या पाठ्यपुस्तकांमुळे हा गैरसमज अजून टिकून आहे.

1 जून 1831 रोजी जेम्स क्लार्क रॉस पश्चिम किनाऱ्यावर केप अॅडलेडजवळ पोचला. उभ्या पातळीत फिरणारी चुंबकसूची 89 अंश 59 मिनिटांवर, म्हणजे जवळजवळ सरळ खाली रोखलेली होती. आडवी टांगलेली सूची कोणतीच दिशा दाखवेना. जागा अगदी सपाट. निसर्गानं इथं काहीच खूण ठेवली नाही याची त्याला खंत वाटली. त्यानं दगडांचा ढीग रचला आणि राजाच्या नावानं झेंडा लावला. वेध घ्यायला आसरा मिळाला तो इनुइटांनी नुकत्याच सोडलेल्या बर्फाच्या घरांचा. झेंड्याची गोष्ट सगळे सांगतात. मला ती घरं जास्त महत्त्वाची वाटतात, कारण ‘निर्जन’ म्हणून ताब्यात घेतलेल्या जागी काही दिवसांपूर्वीच कुणीतरी स्वयंपाक केला होता.

पृथ्वीच्या पोटातलं वितळलेलं लोखंड सतत हलत असतं, म्हणून हा ध्रुवही हलतो. 1904 मध्ये आमुंडसेननं पुन्हा वेध घेतले, तेव्हा तो जागचा सरकला होता. पुढं तो कॅनडाच्या बेटांवरून उत्तरेला गेला आणि या शतकात वर्षाला पन्नास किलोमीटरच्या आसपास वेगानं सायबेरियाच्या दिशेनं धावला.

याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

ओढूनताणून जोडलेला नाही, खराच आहे. रॉसच्या त्या वेधानंतर पृथ्वीचं चुंबकत्व जगभर एकाच वेळी मोजण्याची चळवळ उभी राहिली आणि ठिकठिकाणी चुंबकीय वेधशाळा सुरू झाल्या. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून अशा नोंदी होऊ लागल्या. पुढं मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहानं नोंदी बिघडणार, म्हणून 1904 मध्ये हे काम अलिबागला नेलं. आमुंडसेन बूथियाच्या किनाऱ्यावर ध्रुवाचा माग काढत होता तेच हे वर्ष. अलिबागची वेधशाळा आजही सुरू आहे. समुद्रकिनाऱ्यावर फिरायला गेलात तर तिच्या अगदी जवळून जाल.

लाकूड नाही, शेती नाही, मग लोक जगले कसे?

सील, कॅरिबू आणि आर्क्टिक चार या माशावर. हिवाळ्यात समुद्राच्या बर्फावर घरं बांधायची आणि सील श्वास घ्यायला ज्या भोकाशी येतो तिथं हारपून घेऊन तासन्‌तास निश्चल उभं राहायचं. उन्हाळ्यात आत जाऊन कॅरिबू आणि दगडी बांधांत अडवलेले मासे.

लाकडाच्या टंचाईतून त्यांनी काढलेला मार्ग पाहून मी थक्क झालो. ओली कातडी पसरायची, तिच्यावर मासे ओळीनं ठेवायचे, घट्ट गुंडाळी करून ती गोठू द्यायची. दगडासारखी कडक झाली की ती स्लेजची पट्टी. अशा दोन पट्ट्यांवर आडव्या काड्या बांधल्या की गाडी तयार. वसंतात ऊब आली की गाडी सोडायची आणि मासे खायचे.

अशा ठिकाणी रॉसनं सोडलेलं ‘व्हिक्टरी’ जहाज म्हणजे केवढी संपत्ती होती! नेत्सिलिक लोक त्याचं लाकूड आणि लोखंड पुढं कैक वर्षं वापरत राहिले.

तालोयोआकमधले सगळेच नेत्सिलिक आहेत का?

नाही, आणि यामागची गोष्ट दुःखद आहे. 1934 मध्ये हडसन्स बे कंपनी या फरच्या व्यापारी कंपनीनं बॅफिन बेटावरच्या केप डॉर्सेट, पांगनिर्तुंग आणि पाँड इनलेटमधून काही इनुइट कुटुंबं उचलून डेव्हन बेटावर डंडस हार्बरला नेली. ते जमलं नाही म्हणून 1936 मध्ये त्यांना आर्क्टिक बेला हलवलं. 1937 मध्ये तिथून फोर्ट रॉसला, बेलो सामुद्रधुनीच्या सॉमरसेटकडच्या काठावर. काही मोसमांत तिथं बर्फातून जहाजच पोचेना, तेव्हा ते ठाणंही बंद करायचं ठरलं आणि 1947 च्या सुमारास ही माणसं स्पेन्स बेला आली. घरी परत नेण्याचा शब्द पाळला गेला नाही. त्यांचे वंशज आज तालोयोआकमध्ये आहेत.

‘एस्किमो’ म्हटलं तर चालेल का?

जुन्या ग्रंथाचं नाव सांगताना चालेल, एरवी नको. एका माणसाला इनुक, अनेकांना इनुइट.

मराठी नकाशात कोणतं नाव लिहावं?

द्वीपकल्पाचं अधिकृत नाव आजही बूथियाच आहे, म्हणून ते लिहावं आणि खाली आविकतूक. गाव मात्र फक्त तालोयोआक. स्पेन्स बे लिहिलेला नकाशा 1992 च्या आधीचा समजावा. तसंच शेजारचं पेली बे हे गाव आता कुगारुक आहे, 1999 पासून. शेजारच्या किंग विल्यम बेटावरचं गाव अजून आमुंडसेनच्या जहाजावरून योआ हेवन म्हणूनच नोंदलेलं आहे. तिथले लोक त्याला उकसुकतूक म्हणतात, म्हणजे जिथं चरबी भरपूर मिळते ती जागा.